ढेकूण गेल्यावर पाहुण्यांना बोलवावे का?

डोंबिवलीतील एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र लिहिले आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्याचा सारांश येथे देते. घरात त्या, त्यांचे पती, सासूबाई आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकणारी मुलगी असे चौघे आहेत. मुलगी शनिवार-रविवारी घरी येते. जानेवारीत मागच्या खोलीतल्या पलंगात ढेकूण सापडले. फेब्रुवारीत पेस्ट कंट्रोल करून घेतले. दुसरी फेरी पंधरा दिवसांनी व्हायची ती नात्यातल्या लग्नामुळे दीड महिन्याने झाली आणि एप्रिलच्या अखेरीस ढेकूण पुन्हा दिसू लागले. जूनच्या शेवटी दुसऱ्या कंपनीला बोलावले. त्यांनी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या केल्या. शेवटच्या फवारणीला आता पाच आठवडे झाले असून एकही ढेकूण दिसलेला नाही. मात्र गेल्या रविवारी सकाळी मुलीच्या दंडावर तीन गांधी दिसल्या आणि सगळ्यांची झोप उडाली. पती म्हणतात, सासूबाईंचा सागवानी पलंग आणि घरातल्या सगळ्या गाद्या एकदाच्या टाकून द्याव्यात. ते ऐकून सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येते. भगिनी स्वतः रोज रात्री पलंगाभोवती बाजारातला स्प्रे मारतात. कामाच्या मावशींनीच ढेकूण आणले असावेत या संशयाने त्यांनी मे महिन्यात मावशींना बंद केले. इमारतीत कोणालाही काही सांगितलेले नाही. गणपतीला तीन आठवडे उरले आहेत, नागपूरहून नणंद कुटुंबासह पाच दिवसांसाठी येणार आहेत, आणि भगिनी विचारतात : ‘घर आरशासारखे ठेवूनही हे माझ्याच घरी का? पुन्हा येऊच नयेत म्हणून काय करू? आणि नणंदेला यंदा काहीतरी कारण सांगून येऊ नका म्हणू का?’

ताई, आधी त्या तीन गांधींविषयी बोलू, कारण सध्या तुमचे सगळे घर त्यांच्याभोवती फिरते आहे. गांधी पाहून ढेकूण आहेत असे ठरवता येत नाही, आणि गांधी नाहीत म्हणून ढेकूण नाहीत असेही म्हणता येत नाही. ढेकूण चावल्यावर कोणाच्या अंगावर काही तासांत गांधी उठतात, कोणाच्या चार-पाच दिवसांनी, तर कित्येकांच्या अंगावर कधीच उठत नाहीत. वयस्कर माणसांची त्वचा अनेकदा काहीच दाखवत नाही, त्यामुळे त्याच खोलीत झोपणाऱ्या सासूबाईंच्या अंगावर काही नाही यावरून निश्चिंत होणेही बरोबर नाही. मुलगी शनिवारी आली आणि रविवारी सकाळी दंडावर गांधी दिसल्या. चावा आठवड्यात कधीतरी वसतिगृहात घेतलेला असू शकतो, प्रवासात एसटीच्या आसनावर घेतलेला असू शकतो, आणि ऑगस्टमधल्या डोंबिवलीत तो डासाचाही असू शकतो. खाज बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर येत असेल, रात्री वाढत असेल आणि घरातल्या इतरांनाही होत असेल, तर खरूज नाही ना हे त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून घ्यावे.

खात्री करायची ती त्वचेवर करू नका, गादीवर करा. दुपारच्या उजेडात पांढरी चादर काढून गादीच्या कडेची गोट बोटांनी उलगडत जा. एका हातात मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि दुसऱ्या हातात एखादे जुने प्लास्टिकचे कार्ड घेऊन ते शिवणीतून हळूहळू ओढत न्या. ढेकूण असतील तर शाईच्या पेनाचे टोक टेकवावे तसे काळे ठिपके दिसतात. ते त्यांनी पचवलेल्या रक्ताचे असतात आणि ओला कापूस लावला की तांबूस-काळसर होऊन पसरतात. धुळीचा ठिपका असा पसरत नाही. त्याच्या जवळपास फिकट पिवळी, पोकळ, ढेकणाच्याच आकाराची कात सापडते. अंडी खसखशीच्या दाण्याएवढी, पांढरी आणि लाकडाला घट्ट चिकटलेली असतात. मोठा ढेकूण मसुराएवढा असल्यामुळे नजरेत भरतो, पण अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचे आणि जवळजवळ रंगहीन असते. रक्त प्यायल्यावरच ते लाल दिसते. गादीइतकेच लक्ष पलंगाकडे द्या : उशाकडची फळी, पाट्या जिथे चौकटीला मिळतात त्या खाचा, स्क्रूची भोके, पायांच्या आतल्या बाजू. नंतर पलंगापासून दोन हातांच्या अंतरातले सगळे पाहा. भिंतीवरचे कॅलेंडर, तसबिरीची मागची बाजू, पडद्याच्या वरच्या चुण्या, बेडजवळचा स्विचबोर्ड आणि प्लास्टिकच्या खुर्चीची खालची बाजू ही ठिकाणे बहुतेक जण विसरतात.

आता एप्रिलकडे वळते. तुम्ही ‘ढेकूण पुन्हा आले’ असे लिहिले आहे. माझ्या मते ते तेव्हा गेलेच नव्हते. बहुतेक औषधे चालत्या-फिरत्या ढेकणाला मारतात, अंड्याच्या कवचाला ती पुरेशी भेदत नाहीत. आपल्या हवेत अंडी आठवडा-दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते, दर वेळी त्याला रक्त लागते, आणि उष्ण हवेत सुमारे पाच ते आठ आठवड्यांत ते अंडी घालण्याजोगे होते. पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी सांगतात ती यासाठीच : तोवर सगळी अंडी फुटलेली असतात आणि एकही पिल्लू मोठे झालेले नसते. तुमची दुसरी फेरी दीड महिन्याने झाली तेव्हा बाहेर पडलेल्या पिल्लांतली पहिली मादी नवी अंडी घालण्याच्या बेतात असेल. यात तुमचा दोष आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. लग्नघरी ढेकणांच्या फेरीची तारीख कोण लक्षात ठेवणार? मात्र कोणी हे वाचून पहिल्यांदाच पेस्ट कंट्रोल करून घेणार असेल, तर दुसऱ्या फेरीची तारीख पहिल्याच दिवशी लेखी घ्यावी आणि ती काही झाले तरी हलवू नये.

याच हिशेबाने तुमचे आजचे पाच आठवडे चांगले आहेत, पण पुरेसे नाहीत. शेवटच्या फवारणीनंतर आठ आठवडे एकही ठिपका, कात वा ढेकूण सापडला नाही तर घर मोकळे झाले असे मानायला हरकत नाही. तुमचे आठ आठवडे गणपतीच्या सुमारास भरतात.

तुमचे घर आरशासारखे असते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ढेकणाला मात्र त्याचे काही वाटत नाही. झुरळाला खरकटे लागते, मुंगीला साखर लागते, ढेकणाला फक्त रक्त लागते. आपण झोपलो की अंगाची ऊब, गंध आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांच्या मागावर तो येतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि जवळच्या फटीत परततो. पंचतारांकित हॉटेलांतही ढेकूण निघतात. स्वच्छतेने होते एवढेच की लपायला जागा कमी राहतात आणि ढेकूण लवकर दिसतात. मला तुम्हाला उलट एक विचारायचे आहे : फवारणी झाल्यावर तुम्ही फरशी आणि भिंतीच्या कडा लगेच फिनेलने पुसायला घेतल्या होत्या का? भिंतीच्या तळाशी आणि पलंगाच्या सांध्यांत जे औषध सुकून राहते ते नंतर बाहेर पडणाऱ्या पिल्लांसाठीच असते. खोलीचा मधला भाग पुसावा, पण कंपनीने सांगितलेल्या मुदतीपर्यंत कडांना ओले फडके लावू नये. मुदत विचारून घेतली नसेल तर आता विचारा.

रोज रात्रीचा स्प्रे कृपा करून आजपासून बंद करा. घरी मिळणाऱ्या बहुतेक डब्यांत पायरेथ्रॉइड गटाची औषधे असतात आणि ढेकणांनी या गटाला जगभर मोठ्या प्रमाणात प्रतिकार कमावलेला आहे. ही त्यांची जुनीच रीत आहे. डीडीटी घराघरांत पोहोचून फार वर्षे झाली नव्हती, तोच १९४७ साली हवाईतल्या पर्ल हार्बरच्या नौदल बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण आढळले होते. स्प्रेने समोरचा एखादा मरतो, बाकीचे त्या वासापासून दूर सरकतात. पलंगातले ढेकूण कपाटात आणि मागच्या खोलीतले पुढच्या खोलीत जातात. सासूबाईंना खोकला होतो असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. बंद खोलीत रोज त्या वाफेत झोपणाऱ्या वयस्कर बाईंचा खोकला मला ढेकणांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. ढेकणामुळे माणसांत एखादा आजार पसरतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. त्याचा त्रास खाजेचा, झोपमोडीचा आणि मनाचा आहे.

विषाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सर्वच वाचकांसाठी लिहिते, कारण वैतागलेला माणूस काहीही करायला तयार होतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या गादीखाली किंवा खोलीत ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो. त्याने झोपेत माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि तो शेजारच्या घरातही शिरतो. डायक्लोरव्हॉस, म्हणजे अनेकांच्या तोंडी असलेले नुवान, भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे, तरी कुठे मागच्या दाराने मिळाले तर घेऊ नये. रॉकेल खाटेला लावण्याची जुनी सवयही सोडावी. लाकूड, कापूस आणि रॉकेल एका खोलीत असले की आगीला निमित्तच लागते.

आता पलंगाविषयी. तुमच्या यजमानांचा त्रागा मला समजतो, पण पलंग टाकू नका. जुना सागवानी पलंग भरीव लाकडाचा असतो, त्याला सांधे मोजके असतात आणि ते उघडता येतात. खरे अवघड असतात ते प्लायवुडचे, खाली सामानाचे खण असलेले बेड. सनमायकाची कड जिथे सुटते तिथे कार्ड शिरणार नाही एवढ्या फटीत ढेकूण राहतात. मी गिरगावात चाळीत वाढले. मे महिन्यात एखाद्या रविवारी सगळ्या बिऱ्हाडांच्या खाटा गॅलरीत निघायच्या, आई किटलीतून उकळते पाणी एकेका सांध्यात धारेने सोडायची आणि आम्ही मुले खाली पडलेले ढेकूण मोजायचो. आईची ती पद्धत आजही शास्त्राला धरून आहे. सुमारे ४८ अंश सेल्सियसला मोठे ढेकूण वीस-पंचवीस मिनिटांत मरतात, अंड्यांना त्याच तापमानाला तासाहून अधिक लागतो, आणि ५५ अंशांच्या पुढे दोन्ही जवळजवळ तत्काळ मरतात. तुमचा पलंग सुताराकडून सुटा करून घ्या, बाथरूममध्ये वा गॅलरीत त्याच्या खाचांवर उकळते पाणी किंवा वाफ धरा, लाकूड पूर्ण सुकू द्या, आणि नको असलेल्या फटी व जुन्या स्क्रूंची भोके लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवून घ्या. हे काम शेजारच्या कोरड्या भिंतीपासून दूर आणि विजेच्या बटणांपासून दूर व्हावे. पलंगावर कंपनीने मारलेले औषध यात धुतले जाईल, म्हणून आधी त्यांना विचारून मगच दिवस ठरवा.

गाद्यांचे उत्तर गाद्यांवरच अवलंबून आहे. फाटलेली, जागोजाग ठिपके असलेली गादी ठेवण्यात अर्थ नाही. धड असेल तर चारही बाजूंनी बंद होणारे, चेन असलेले जाड खोळीसारखे आवरण घालावे. आत राहिलेले ढेकूण कोंडले जातात आणि बाहेरच्यांना शिवणीत घर करता येत नाही. चेनच्या टोकाशी बारीक फट राहते, तिथे चिकटपट्टी लावा आणि आवरण निदान वर्षभर काढू नका, कारण ढेकूण उपाशीपोटी काही महिने सहज काढतो. गादी उन्हात टाकण्यावर भिस्त ठेवू नका. वरचा थर तापतो, आत गारवा राहतो, आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. शिवाय या महिन्यात ऊन आहे कुठे? एखादी गादी टाकायचीच असेल, तर खोलीतच ती मोठ्या प्लास्टिकमध्ये बांधा, वरून मार्करने ‘ढेकूण आहेत’ असे ठळक लिहा आणि सुरीने मधोमध फाडा. नाहीतर जिन्यातून नेताना ढेकूण सांडत जातात आणि कचऱ्याजवळ ठेवलेली धड दिसणारी गादी संध्याकाळपर्यंत एखाद्या गरजू माणसाच्या घरी पोहोचते.

तुम्ही सगळे पुढच्या खोलीत झोपायला लागला आहात असे पत्रावरून दिसते. कृपया मागच्या खोलीत परत जा. हे ऐकायला कठीण वाटेल, पण खोली रिकामी ठेवली की उरलेसुरले ढेकूण माणसांच्या मागे दुसऱ्या खोलीत येतात आणि फवारलेल्या जागेवरून त्यांना चालावे लागत नाही. पलंगाला मात्र बेटासारखे वेगळे करा. तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, चादर आणि मच्छरदाणीची झालर जमिनीला टेकू देऊ नका, पलंगाखालचे सामान हलवा. ढेकणाला पंख नाहीत आणि उडीही मारता येत नाही, त्याला पायांवरूनच चढावे लागते. म्हणून पायांखाली वाट्या ठेवण्याची पद्धत आहे. आपल्याकडे एक अडचण येते. उष्ण प्रदेशात आढळणाऱ्या ढेकणाच्या जातीच्या पायांवर चिकटून राहणारे केस जास्त असतात, त्यामुळे थंड देशांतला ढेकूण ज्या गुळगुळीत वाटीत अडकतो तिच्यातून आपला ढेकूण बऱ्याचदा चढून जातो. वाटीच्या आतल्या भिंतीला अंगाला लावायच्या टाल्कम पावडरचा पातळ थर बोटाने चोळून ठेवावा, आणि दर आठवड्याला तो नवा करावा. पाणी भरणार असाल तर त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाका आणि दर तीन दिवसांनी ते ओता. डेंग्यूचा डास अशाच वाट्यांत अंडी घालतो. या वाट्यांचा खरा उपयोग पहारा म्हणून आहे. सकाळी वाटीत एक ढेकूण सापडला तरी तो कुठल्या पायाच्या बाजूने आला ते कळते.

यापुढची काळजी बाहेरून येणाऱ्या वस्तूंची. एक गाभण मादी बॅगेच्या शिवणीत बसून आली तरी पुरते. मुलीला दोषी वाटेल असे काही बोलू नका. तिच्यासाठी एक रीत ठरवून द्या आणि ती घरातल्या सर्वांनी पाळा, म्हणजे ती तिच्यावरची शिक्षा वाटणार नाही. बाहेरगावची बॅग बेडवर वा सोफ्यावर जाणार नाही, ती थेट गॅलरीत किंवा बाथरूममध्ये उघडेल. कपडे तिथूनच मशीनमध्ये जातील. मशीनला गरम पाण्याची सोय असेल तर ६० अंशांवर धुवा. नसेल तर धुण्याआधी कपडे उकळत्या पाण्याच्या बादलीत बुडवा, कारण थंड पाणी आणि साबण यांनी अंडी मरतात असे धरून चालता येत नाही. ज्यांना गरम पाणी चालत नाही अशा वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवता येतात. साध्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा इतका थंड होत नाही. रिकामी बॅग चाकांच्या खोबणीपर्यंत तपासून मोठ्या पिशवीत गाठ मारून ठेवा. मुलीला वसतिगृहातली तिची गादीही वर सांगितल्याप्रमाणे तपासायला सांगा, आणि तिथे काही सापडले तर वॉर्डनना लेखी कळवायला सांगा. जुने फर्निचर घेताना हीच नजर ठेवा. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून जुनी वेताची खुर्ची मोठ्या हौसेने आणली आणि दोन महिन्यांनी वेताच्या विणीतून ढेकूण वेचत बसले. वेत आणि नवार यांत ढेकूण कुठे संपतात तेच कळत नाही.

मावशींविषयी मला तुमच्याशी थोडे स्पष्ट बोलू द्या. ढेकूण उवांसारखा अंगावर राहत नाही. तो माणसाच्या झोपायच्या जागेजवळ राहतो आणि सामानातून फिरतो. दिवसा तासभर येणाऱ्या, पिशवी स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवणाऱ्या, मागच्या खोलीत फक्त झाडूसाठी जाणाऱ्या बाईंकडून तो पलंगात पोहोचणे अगदी अशक्य नसले तरी, दर आठवड्याला वसतिगृहातून येणाऱ्या कपड्यांच्या बॅगेपेक्षा ते कितीतरी कमी संभवते. शिवाय मे महिन्यात मावशी बंद झाल्या आणि जूनच्या शेवटीही ढेकूण होतेच. संशय कोणावर जातो हे पाहिले तर लक्षात येते की मुलगी, पाहुणे, नवरोबांची ऑफिसची टूर यांच्याकडे आपली नजर वळतच नाही, आणि जी बाई उलट बोलू शकत नाही तिच्याकडे ती आधी वळते. तुमच्या घरून मावशींच्या घरी ढेकूण गेले असतील, ही शक्यताही तितकीच खरी आहे. त्यांना फोन करावा, काय झाले ते सांगावे, त्यांच्याकडे काही दिसते का हे विचारावे, आणि दिसत असेल तर त्यांच्या खोलीच्या फवारणीचा खर्च तुम्ही उचलावा असे मी सुचवीन. कामावर परत यायचे की नाही हे त्यांनी ठरवावे, पण बंद झालेल्या पगाराबद्दल काही देता आले तर जरूर द्या.

इमारतीतल्या मौनाचा प्रश्नही याला लागूनच आहे. लोक काय म्हणतील ही भीती मी समजू शकते, आणि आपल्याकडे ढेकूण म्हणजे गलिच्छपणा असे समीकरण इतके घट्ट आहे की ती भीती निराधारही नाही. तरीही फ्लॅटचे फ्लॅट एकमेकांना पाइपांच्या डक्टने, भिंतीतल्या वायरींच्या नळ्यांनी आणि दारांखालच्या फटींनी जोडलेले असतात. तुमच्या वरच्या किंवा शेजारच्या घरी ढेकूण असतील, तर तुमच्या घरी कितीही चांगली फवारणी झाली तरी काही आठवड्यांनी तेच पुन्हा सुरू होईल. आणि तुमच्याकडून ते त्यांच्याकडे गेले असतील तर त्यांनाही कळायला हवे. सगळ्या इमारतीत दवंडी पिटायची गरज नाही. सेक्रेटरींना भेटून सांगा की आमच्याकडे ढेकूण निघाले होते, दोन फेऱ्या झाल्या आहेत, आमच्या वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांनी एकदा गाद्या तपासून घ्याव्यात. तुमच्या मजल्यावर आणखी कोणी तीच गोष्ट लपवत असण्याची शक्यता बरीच आहे. दरम्यान तुमच्या बाजूने पाइप जिथे भिंतीत शिरतात त्या जागा पांढऱ्या सिमेंटने आणि स्विचबोर्डाच्या कडा इलेक्ट्रिशियनकडून बंद करून घ्या. पुढे फवारणी लागलीच, तर एकमेकांना लागून असलेली घरे एकाच दिवशी करावीत. कंपनी निवडताना तिच्याकडे कृषी खात्याचा कीटकनाशकांच्या व्यावसायिक वापराचा परवाना आहे का ते पाहावे, कोणते औषध मारणार त्याचे नाव पावतीवर लिहून घ्यावे, आणि मागच्या वेळी जे वापरले होते त्याच गटातले ते नाही ना हे विचारावे.

राहता राहिल्या नणंदबाई. कारण सांगून टाळले तर त्यांना काहीतरी खुपल्याशिवाय राहणार नाही, आणि गणपतीत घरचे माणूस का आले नाही हे सासूबाईंना रोज कोणीतरी विचारेल. लपवून बोलावले आणि त्यांच्या बॅगेतून एक ढेकूण नागपूरला गेला, तर ते त्याहून वाईट. म्हणून खरे सांगा : ढेकूण निघाले होते, उपाय झाले आहेत, इतके आठवडे काही दिसलेले नाही, तरी ठरवा तुम्ही. त्या आल्याच तर त्यांच्या बॅगा बाहेरच्या खोलीत, भिंतीपासून दूर, लोखंडी स्टूलवर आणि मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत राहू द्या. परत गेल्यावर कपड्यांची रीत त्यांनाही सांगून ठेवा. एक चूक मात्र टाळा : पाहुणे आले म्हणून मंडपवाल्याकडून भाड्याच्या गाद्या-उशा आणू नका. सणाच्या दिवसांत त्या एका घरातून दुसऱ्या घरात न धुता फिरतात. नणंदेला घरून दोन चादरी आणि सतरंजी आणायला सांगा, त्यांना वाईट वाटणार नाही.

गणपतीच्या आधीच्या रविवारी, मुलगी घरी असताना, चौघांनी मिळून वर लिहिल्याप्रमाणे तासभर पाहणी करा. काहीच सापडले नाही तर पुढचे तीन महिने दर पंधरवड्याला एकदा तेवढेच करत राहा. आणि एखादा ढेकूण सापडलाच तर त्याला चिरडू नका, स्प्रेही मारू नका. पारदर्शक चिकटपट्टीने उचला, छोट्या बाटलीत ठेवा, कुठे आणि कधी सापडला ते चिठ्ठीवर लिहा आणि त्याच दिवशी कंपनीला बोलवा. एखाद-दुसरा ढेकूण असताना एका खोलीचे काम पुरते. नणंदेला फोन मात्र त्या रविवारपर्यंत थांबवू नका. नागपूरहून तिकिटे काढलेली असतील, तेव्हा त्यांना विचार करायला वेळ मिळेल असा तो याच आठवड्यात करा.